अँड्रॉइड ॲपमधून सिरियल आणि आय-टू-सी: यूएसबीच्या वाटेने हार्डवेअरशी बोलण्याची पद्धत

फोनच्या आत यूआर्ट (सिरियल पोर्ट), आय-टू-सी, एसपीआय हे चिपांनी एकमेकींशी बोलायचे सगळे मार्ग असतातच. टचस्क्रीनचा कंट्रोलर आय-टू-सी किंवा एसपीआयवर बोलतो, सेन्सर त्याच तारांवर बसलेले असतात. पण आपण लिहिलेल्या ॲपला यातलं काहीही मिळत नाही. लिनक्समध्ये या पोर्टांच्या फाइली ‘/डेव्ह’मध्ये दिसतात, त्यांची मालकी सिस्टीमकडे असते, आणि मालकी बदलली तरी वर एसई-लिनक्सचा (कोणत्या प्रोग्रामला काय उघडता येईल हे ठरवणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेचा) पहारा आहे. अँड्रॉइड ५.० पासून (२०१४) तो पूर्ण सक्तीने चालू आहे. साधं ॲप ज्या ‘अनट्रस्टेड-ॲप’ डोमेनमध्ये चालतं, त्याला या फाइली उघडायला मनाई आहे. त्यामुळे नुसतं सीएचमॉड करून (फाइलचे हक्क बदलून) फोनच्या आतल्या पोर्टापर्यंत पोहोचण्याचे सल्ले बाजूला ठेवा.

दुसरा एक फसवा रस्ता म्हणजे ‘पेरिफेरल-मॅनेजर’ वापरणारा जुना कोड. तो अँड्रॉइड थिंग्ज या वेगळ्या प्लॅटफॉर्मचा होता. गूगलने तो २०१६ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केला आणि नंतर गुंडाळला. फोनवर तो कधीच चालत नव्हता.

मग उरतं काय? यूएसबी होस्ट. अँड्रॉइड ३.१ पासून (एपीआय १२) फोन स्वतः होस्ट होऊन यूएसबी उपकरणाशी थेट बोलू शकतो, तेही रूट न करता. फोन आपल्याला फक्त यूएसबीची नळी देतो. बॉड रेट (सिरियलचा वेग), पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), डीटीआर (‘मी तयार आहे’ असं सांगणारा संकेत), आय-टू-सीचा पत्ता हे सगळं त्या नळीतून पलीकडच्या चिपला आपणच सांगायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे घोळ होत नाहीत.

(खालचे सगळे आकडे दशमान पद्धतीतले आहेत. डेटाशीटमध्ये ते षोडशमान असतात, ताडून पाहताना लक्षात ठेवा.)

आधी तारा

व्होल्टेज पहिलं. यूएसबी-सिरियल ॲडाप्टरवर बहुधा ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असतो. बऱ्याच नव्या मायक्रोकंट्रोलरच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि ५ व्होल्ट मिळाले तर त्या जळू शकतात, कधी लगेच, कधी महिनाभर कुरकुरत चालून. जंपर कुठेही असो, ॲडाप्टरच्या टीएक्स (पाठवणाऱ्या) पिनेवर मल्टिमीटर लावून पाहा. डेटा जात नसताना तिथे जे व्होल्टेज दिसतं तेच खरं. काही ॲडाप्टरांत जंपर फक्त पुरवठ्याची पिन बदलतो, सिग्नल तसाच राहतो.

नऊ पिनांचा जुना सिरियल पोर्ट असलेलं यंत्र असेल तर ते आरएस-२३२ आहे, तिथे उणे आणि अधिक दोन्ही बाजूंना १५ व्होल्टपर्यंत झोके असतात. तिथे मॅक्स-३२३२ सारखी व्होल्टेज बदलणारी चिप मध्ये हवीच. आरएस-४८५ (ए आणि बी या दोन तारांवर अनेक उपकरणं) असेल तर त्याचा वेगळा ॲडाप्टर घ्या. लांब तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा, मधल्या उपकरणांना नाही. ए आणि बी या नावांबाबत उत्पादकांचं एकमत नाही. उत्तर येत नसेल तर दोन तारा उलटसुलट करून पाहण्यात काहीच धोका नाही.

टीएक्स समोरच्या आरएक्सला (ऐकणाऱ्या पिनेला), आरएक्स समोरच्या टीएक्सला, आणि ग्राउंड ग्राउंडला. ग्राउंड विसरलं तर कधीकधी थोडाफार डेटा येतोही, पण कचरा मिसळून येतो. मग माणूस दिवसभर बॉड रेट बदलत बसतो.

टाइप-सी बोर्डाची एक खास भानगड आहे. फोनने होस्ट व्हावं यासाठी समोरच्या उपकरणात सीसी (टाइप-सी मध्ये कोण होस्ट हे ठरवणाऱ्या) पिनांवर ५.१ किलोओहमचे रेझिस्टर लागतात. स्वस्त बोर्डांवर ते गाळलेले असतात. असा बोर्ड सी-टू-सी केबलने जोडला तर फोन त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, बोर्डाचा दिवासुद्धा लागत नाही. तोच बोर्ड ओटीजी ॲडाप्टर (फोनला होस्ट करणारा) आणि ए-टू-सी केबलने लगेच चालतो, कारण लागणारा रेझिस्टर त्या ओटीजी ॲडाप्टरमध्ये असतो. केबलही तपासा. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच.

वीज फोनच्या बॅटरीतून जाते. यूएसबी २.० मध्ये उपकरणाला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मागता येतात, आणि प्रत्येक फोन तेवढे मुकाट देतो असं नाही. मोटार, रिले, जीएसएम मॉड्यूल यांना वेगळा पुरवठा द्या. उपकरण दर काही सेकंदांनी सुटून पुन्हा जोडलं जातंय असं दिसलं तर कोडला हात लावायच्या आधी वीज तपासा.

मॅनिफेस्ट आणि फिल्टर

मॅनिफेस्टमध्ये ‘युझेस-फीचर’ म्हणून यूएसबी होस्ट जाहीर करा. ॲप यूएसबीशिवायही उपयोगी असेल तर ‘रिक्वायर्ड’ची किंमत ‘फॉल्स’ ठेवा, नाहीतर होस्ट नसलेल्या फोनांवर ते स्टोअरमध्ये दिसणारच नाही. मुख्य ॲक्टिव्हिटीला ‘यूएसबी-डिव्हाइस-अटॅच्ड’चा इंटेंट-फिल्टर आणि सोबत मेटा-डेटा द्या, जो एक्सएमएल फोल्डरमधल्या फिल्टर फाइलकडे बोट दाखवेल. त्या फाइलमध्ये चिपचे आकडे:

- एफटीडीआय एफटी-२३२-आर: व्हेंडर १०२७, प्रॉडक्ट २४५७७
- सिलिकॉन लॅब्सची सीपी-२१०२: ४२९२, ६००००
- सीएच-३४०: ६७९०, २९९८७
- प्रोलिफिक पीएल-२३०३: १६५९, ८९६३
- आर्डुइनो ऊनो आर-३ (मूळ बोर्ड): ९०२५, ६७

ऊनोच्या नकला बहुतेक सीएच-३४० वर असतात, म्हणजे तिसरी ओळ. बोर्डावरचं नाव वाचून आकडा लिहू नका. उपकरण लावा, ‘डिव्हाइस-लिस्ट’ मागवा आणि आलेले आकडे छापून पाहा. याच आकड्यांवर पुढे कोणता ड्रायव्हर लावायचा ते ठरतं.

ॲक्टिव्हिटीचा लाँच-मोड ‘सिंगल-टॉप’ किंवा ‘सिंगल-टास्क’ ठेवा. तसं न केल्यास केबल लावल्यावर तिची दुसरी प्रत उघडते आणि दोघी एकाच पोर्टासाठी भांडतात. नवा इंटेंट ‘ऑन-न्यू-इंटेंट’मध्ये येतो, तिथे तो हाताळायला विसरू नका.

परवानगी: इथे बहुतेक ॲप अडकतात

केबल लावल्यावर फिल्टरमुळे ॲप उघडलं आणि वापरणाऱ्याने होकार दिला, तर परवानगी आपोआप मिळते. ॲप उघडण्याआधीच केबल लावलेली असेल किंवा फिल्टर नसेल, तर ‘रिक्वेस्ट-परमिशन’ने मागावी लागते. तिला एक पेंडिंग-इंटेंट (सिस्टीमने नंतर आपल्या वतीने पाठवायचा निरोप) द्यावा लागतो, आणि गेल्या काही आवृत्त्यांत याचे नियम तीनदा आवळले गेले आहेत.

अँड्रॉइड १२ पासून पेंडिंग-इंटेंटवर ‘म्यूटेबल’ की ‘इम्यूटेबल’ हे सांगणं सक्तीचं झालं. घाईत सगळे ‘इम्यूटेबल’ लिहितात, कारण एरवी तेच योग्य असतं. इथे नेमकं ते चुकतं. परवानगी दिली की नाही हा निकाल सिस्टीम त्याच इंटेंटमध्ये भरून पाठवते, तो बदलताच येत नसेल तर निकाल रिकामा राहतो. वापरणारा ‘ओके’ दाबतो आणि ॲप म्हणतं परवानगी नाकारली. म्हणून इथे ‘फ्लॅग-म्यूटेबल’.

अँड्रॉइड १४ ला लक्ष्य केलं की बदलता येणारा पण पत्ता नसलेला इंटेंट थेट एक्सेप्शन फेकतो. उपाय एका ओळीचा: इंटेंटवर ‘सेट-पॅकेज’ करून स्वतःच्या ॲपचं नाव घाला. आणि तिथेच, कोडमधून रिसीव्हर नोंदवताना तो बाहेरच्यांसाठी खुला आहे की नाही हेही सांगावं लागतं. आपला निकाल ऐकणारा रिसीव्हर ‘नॉट-एक्स्पोर्टेड’ ठेवा.

निकालातल्या झेंड्यावर पूर्ण विसंबू नका. रिसीव्हर जागा झाला की ‘हॅज-परमिशन’ पुन्हा विचारा, तिचं उत्तर खरं मानून पुढे जा. केबल काढली की परवानगी संपते. ‘नेहमी हेच ॲप उघडा’ अशी खूण केली असेल तरच पुढच्या वेळी पुन्हा प्रश्न येत नाही.

पोर्ट उघडणं आणि चिपशी बोलणं

‘ओपन-डिव्हाइस’ने कनेक्शन घ्या. ते ‘नल’ आलं तर परवानगी नाही किंवा उपकरण तेवढ्यात सुटलं. मग हवा तो इंटरफेस ‘क्लेम-इंटरफेस’ने ताब्यात घ्या आणि दुसरा पॅरामीटर ‘ट्रू’ द्या, म्हणजे कर्नेलचा ड्रायव्हर त्यावर बसला असेल तर उठतो. त्यानंतर एंडपॉइंट (डेटाची ये-जा होणारी टोकं) शोधा: बल्क प्रकारचा एक आत येणारा, एक बाहेर जाणारा. क्रमांक गृहीत धरू नका, दिशा आणि प्रकार विचारून घ्या.

आता बॉड रेट. इथे प्रत्येक चिपची बोली वेगळी.

सीडीसी-एसीएम हा यूएसबीचा प्रमाणित वर्ग आहे. ऊनो आर-३ आणि ज्यांच्या आतच यूएसबी आहे असे बरेच मायक्रोकंट्रोलर तो बोलतात. त्यात दोन इंटरफेस असतात, वर्ग २ चा नियंत्रणासाठी आणि वर्ग १० चा डेटासाठी. दोन्ही क्लेम करा. मग ‘कंट्रोल-ट्रान्सफर’: रिक्वेस्ट-टाइप ३३, रिक्वेस्ट ३२, व्हॅल्यू ०, इंडेक्समध्ये नियंत्रण इंटरफेसचा क्रमांक, आणि सोबत सात बाइट. १,१५,२०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट यासाठी ते सात बाइट असे:

०, १९४, १, ०, ०, ०, ८

पहिले चार म्हणजे बॉड रेट, लहान बाइट आधी: १९४ गुणिले २५६ अधिक ६५,५३६ बरोबर १,१५,२००. पाचवा स्टॉप बिट (० म्हणजे एक, २ म्हणजे दोन), सहावा पॅरिटी (० नाही, १ विषम, २ सम), सातवा डेटा बिट. ९६०० आणि सम पॅरिटी हवी तर १२८, ३७, ०, ०, ०, २, ८.

लगेच दुसरी रिक्वेस्ट: टाइप ३३, रिक्वेस्ट ३४, व्हॅल्यू ३. ही डीटीआर आणि आरटीएस (तसाच दुसरा संकेत) दोन्ही वर करते. ही गाळली तर बरेच बोर्ड गप्प बसतात, कारण त्यांच्या आतला प्रोग्राम ‘पलीकडे कोणी ऐकतंय का’ हे डीटीआरवरून ठरवतो. उलट ऊनोसारखा बोर्ड डीटीआर हलला की रीसेट होतो आणि सुरुवातीचा काही काळ बूटलोडर (नवा प्रोग्राम भरून घेणारा छोटा प्रोग्राम) ऐकत असतो. पोर्ट उघडून पहिली आज्ञा पाठवण्याआधी दोन सेकंद थांबा. ‘पहिली आज्ञा हरवते, दुसरी पोहोचते’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच.

एफटीडीआयच्या रिक्वेस्ट वेगळ्या: टाइप ६४, रीसेटसाठी रिक्वेस्ट ०, बॉडसाठी ३, डेटा बिटसाठी ४. एफटी-२३२-आर मध्ये बॉडऐवजी भाजक द्यायचा असतो. १,१५,२०० साठी २६, म्हणजे ३० लाख भागिले २६, साधारण १,१५,३८५. फरक ०.१६ टक्के, चालतो. पण एफटीडीआयचा खरा चकवा वाचताना आहे. तिच्याकडून येणाऱ्या प्रत्येक ६४ बाइटच्या पॅकेटातले पहिले दोन बाइट स्थितीचे असतात, डेटा उरलेल्या ६२ मध्ये. एकदम २५६ बाइट वाचले तर स्थितीचे बाइट ०, ६४, १२८ आणि १९२ या जागांपासून सुरू होतात, फक्त सुरुवातीला नाही. ते काढले नाहीत तर मजकुरात मधूनच एक उलटं अवतरणचिन्ह टपकत राहतं. ते म्हणजे स्थितीचा दुसरा बाइट, बहुधा ९६. एफटी-२३२-एच सारख्या वेगवान चिपमध्ये पॅकेट ५१२ चं असतं, म्हणून ६४ हा आकडा कोडमध्ये न गाडता एंडपॉइंटला ‘मॅक्स-पॅकेट-साइझ’ विचारा.

सीपी-२१०२, सीएच-३४० आणि पीएल-२३०३ यांच्या बोली आणखी निराळ्या. त्या सगळ्या स्वतः लिहिण्यात शहाणपणा नाही. ‘यूएसबी-सिरियल-फॉर-अँड्रॉइड’ ही मुक्त स्रोत लायब्ररी सीडीसी आणि एफटीडीआय धरून या पाचही घराण्यांना सांभाळते, तीच वापरा. तरी वरचं समजून घेणं वाया जात नाही. लायब्ररी असली तरी डीटीआर तुम्हालाच वर करावा लागतो आणि दोन सेकंद तुम्हालाच थांबावं लागतं.

लूपबॅक: काय कळतं, काय नाही

खरं यंत्र जोडण्याआधी ॲडाप्टरच्या टीएक्स आणि आरएक्स पिना एका तारेने जोडा. ॲपमधून ० ते २५५ पर्यंतचे सगळे बाइट पाठवा आणि तेच, त्याच क्रमाने परत येतात का पाहा. केबल, परवानगी, एंडपॉइंट, वाचणारा थ्रेड हे सगळं एका झटक्यात तपासलं जातं. जावा आणि कॉटलिनमधला बाइट चिन्हासकट असतो, १९४ पाठवला तर उणे ६२ दिसेल. तुलना करण्याआधी २५५ शी ‘अँड’ करा.

बॉड रेट चुकला असेल तर मात्र लूपबॅकमध्ये कळत नाही. पाठवणारी आणि ऐकणारी चिप एकच, त्यामुळे ती चुकीच्या वेगाने बोलते आणि त्याच चुकीच्या वेगाने बिनचूक ऐकते. लूपबॅक पास आणि यंत्राकडून कचरा, असं झालं तर संशय बॉड किंवा पॅरिटीवर घ्या. लूपबॅक पास आणि यंत्राकडून काहीच नाही, तर तारांवर.

वाचन: निरोप तुटून येतो

यूएसबीवर निरोपाची सीमा टिकत नाही. यंत्राने एका दमात २५ बाइट पाठवले तरी ॲपला ते १४ आणि ११ असे मिळतील, कधी ३ आणि २२, कधी पुढच्या निरोपाचं शेपूटही सोबत. ‘एक रीड म्हणजे एक निरोप’ असं धरून लिहिलेला कोड टेबलावर चालतो आणि प्रत्यक्ष जागी मोडतो.

मॉडबस आरटीयूचं (सिरियलवरून यंत्रांशी बोलायच्या औद्योगिक पद्धतीचं) उदाहरण घेऊ. पत्ता १ वरच्या यंत्राकडून पहिले दहा रजिस्टर (आकड्यांचे कप्पे) वाचायचे आहेत. पाठवायचे आठ बाइट:

१, ३, ०, ०, ०, १०, १९७, २०५

शेवटचे दोन सीआरसीचे, म्हणजे निरोप वाटेत बिघडला का हे तपासायचे. उत्तर येतं ते असं: १, ३, २०, मग वीस बाइट डेटा, मग सीआरसीचे दोन, एकूण २५. मॉडबसच्या नियमाप्रमाणे निरोप संपला हे साडेतीन अक्षरांच्या शांततेवरून ओळखायचं, म्हणजे ९६०० बॉडला साधारण ४ मिलिसेकंद. फोनवर हे विसरा. एफटीडीआय चिप तिचा लॅटन्सी टायमर संपेपर्यंत अर्धवट पॅकेट दाबून ठेवते, तो सुरुवातीला १६ मिलिसेकंद असतो. तारेवरची शांतता ॲपपर्यंत पोहोचतच नाही.

त्याऐवजी लांबी मोजा. आलेले बाइट एका साठ्यात टाकत राहा. तिसरा बाइट आला की एकूण लांबी कळते: त्यात ५ मिळवा, २० अधिक ५ बरोबर २५. दुसरा बाइट ३ ऐवजी १३१ असेल तर यंत्राने नकार दिला आहे आणि उत्तर फक्त ५ बाइटचं आहे. तिसऱ्या बाइटमध्ये कारण असतं, २ असेल तर तो रजिस्टर त्या यंत्रात नाही. लांबी भरली की सीआरसी तपासा. चुकला तर साठा रिकामा करून पुन्हा विचारा. एकूण वाट पाहायची ती अर्धा ते एक सेकंद, आणि नवी आज्ञा पाठवण्याआधी साठ्यात काही जुनं उरलं असेल तर ते फेकून द्या.

साध्या मजकुराच्या उपकरणांसाठी ओळ संपल्याची खूण (बाइट १०) शोधा. तिथेही तत्त्व हेच: साठवा, खूण दिसेपर्यंत थांबा, तेवढा तुकडा कापून घ्या, उरलेला ठेवा.

लॅटन्सी टायमर कमी करता येतो: टाइप ६४, रिक्वेस्ट ९, व्हॅल्यूमध्ये मिलिसेकंद. प्रश्नोत्तराच्या कामात १६ वरून २ वर आणला तर दर फेरीचे दहा-बारा मिलिसेकंद वाचतात.

वाचनाचा थ्रेड वेगळा हवा. ‘बल्क-ट्रान्सफर’ उणे १ परत देते तेव्हा ते टाइमआउट आहे की केबल निघाली आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय टाइमआउट फार छोटा ठेवला तर नेमका त्या क्षणी येणारा डेटा हरवू शकतो, काही शे मिलिसेकंद तरी द्या. सतत येणारा डेटा असेल तर ‘यूएसबी-रिक्वेस्ट’ रांगेत लावून ठेवणं जास्त भरवशाचं. अँड्रॉइड ९ च्या आधी एका कॉलमध्ये १६,३८४ बाइटपेक्षा जास्त जात नाहीत, उरलेले गुपचूप कापले जातात. मोठी फाइल पाठवताना तुकडे करा.

आय-टू-सी आणि एसपीआय

फोन आणि सेन्सरच्या मध्ये पूल लागतो. आय-टू-सीसाठी एमसीपी-२२२१-ए ही सोपी चिप आहे: व्हेंडर १२४०, प्रॉडक्ट २२१. तिच्यात सिरियल आणि एचआयडी (कीबोर्ड-माउसचा वर्ग) असे दोन्ही इंटरफेस आहेत. आय-टू-सी एचआयडीवर चालतं, म्हणून वर्ग ३ चा इंटरफेस शोधून क्लेम करा. प्रत्येक आज्ञा आणि प्रत्येक उत्तर बरोबर ६४ बाइटचं, उरलेली जागा शून्यांनी भरायची. एसडीए आणि एससीएल या आय-टू-सीच्या दोन तारांना ४.७ किलोओहमचे पुल-अप (तार वरच्या व्होल्टेजला ओढून धरणारे रेझिस्टर) लावा. सेन्सर मॉड्यूलवर ते आधीच असतील तर पुन्हा नकोत.

बीएमई-२८० हा तापमान, दाब आणि आर्द्रतेचा सेन्सर ११८ या पत्त्यावर आहे आणि त्याची ओळख (रजिस्टर २०८) वाचायची आहे असं समजा. या चिपला पत्ता एक बिट डावीकडे सरकवून द्यावा लागतो: लिहिण्यासाठी २३६, वाचण्यासाठी २३७. थेट ११८ दिला तर ती भलत्याच पत्त्यावर हाका मारत बसते. क्रम असा:

१. १४४, १, ०, २३६, २०८: एक बाइट लिही, रजिस्टर २०८ निवड.
२. १४५, १, ०, २३७: एक बाइट वाच.
३. ६४: वाचलेलं मला दे.

दर आज्ञेनंतर ६४ बाइटचं उत्तर वाचा. पहिल्या दोन्हींच्या उत्तरात दुसरा बाइट ० हवा. १ आला तर चिप अजून कामात आहे, थोडं थांबून पुन्हा पाठवा. तिसरीच्या उत्तरात पाचवा बाइट म्हणजे ओळख: ९६ आला तर बीएमई-२८०. ८८ आला तर तो बीएमपी-२८० आहे, त्यात आर्द्रता मोजायची सोयच नाही, तुम्ही कितीही फॉर्म्युले तपासा. सेन्सरने पत्ता ओळखला नाही तर चिप तशीच अडकून राहते. आज्ञा १६ पाठवून तिच्या तिसऱ्या बाइटमध्येही १६ भरा, म्हणजे ती सुटते.

एका रजिस्टरसाठी तीन आज्ञा, दर आज्ञेला यूएसबीची जा-ये, आणि फुल-स्पीड यूएसबीची चौकटच १ मिलिसेकंदाची. दर सेकंदाला दहा वेळा तापमान वाचायला हे पुरेसं आहे. सेकंदाला हजार नमुने किंवा एसपीआयवरचा डिस्प्ले असलं काही असेल तर हा मार्ग सोडा. मध्ये एक मायक्रोकंट्रोलर ठेवा. वेळेचं भान लागणारं काम तो करेल आणि फोनला सीडीसीवरून गोळा केलेले तुकडे पाठवेल. एफटी-२३२-एच एसपीआय जोरात चालवते हे खरं, पण तिच्या आज्ञांचे गठ्ठे ॲपमध्ये बांधण्यापेक्षा मायक्रोकंट्रोलरवर पन्नास ओळी लिहिणं सोपं.

बोर्ड तुमचाच असेल तर

किऑस्क, पॅनेल, अँड्रॉइड चालवणारा एकल बोर्ड, आणि सिस्टीमची इमेज तुम्हीच बांधता: तेव्हा ‘/डेव्ह/टीटीवायएस३’ थेट उघडता येतं. यूइव्हेंटडीच्या (‘/डेव्ह’मधल्या फाइलींचे हक्क ठरवणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये त्या पोर्टाला ०६६० हक्क आणि योग्य गट द्या, एसई-लिनक्समध्ये पोर्टाला स्वतःचं लेबल द्या आणि त्या लेबलला हात लावायची मुभा तुमच्या सिस्टीम सर्व्हिसला द्या. साध्या ॲपला मुभा द्यायला गेलात तर ‘नेव्हर-अलाऊ’ नियम बिल्डच थांबवू शकतात. मध्ये सर्व्हिस ठेवणं हाच सरळ मार्ग. काय अडतंय ते कर्नेलच्या लॉगमध्ये ‘एव्हीसी’ (एसई-लिनक्सच्या नकाराच्या नोंदी) शोधून कळतं. ‘सेट-एन्फोर्स ०’ करून पाहणं निदानापुरतं ठीक, तसंच ग्राहकाकडे पाठवू नका.

जावाची फाइल-स्ट्रीम पोर्ट उघडते, पण बॉड रेट बदलू शकत नाही, म्हणून सी आणि जेएनआय (जावातून सी बोलावायची सोय) लागतं. उघडल्याबरोबर ‘सीएफ-मेक-रॉ’ करा, म्हणजे बाइट जसेच्या तसे येतात-जातात. नाही केलं तर टर्मिनलच्या जुन्या सवयी आड येतात: १३ चा १० होतो, १७ आणि १९ हे बाइट वाटेतच गिळले जातात. मजकूर नीट येतो, बायनरी निरोप मात्र कधीमधी सीआरसीत नापास होतो, अशी लक्षणं दिसली की इथे पाहा.

आयफोनवर साध्या ॲपला यूएसबी-सिरियलची अशी मोकळीक नाही. तारेने जोडायचं तर ॲपलच्या एमएफआय (परवान्याच्या) कार्यक्रमातलं उपकरण लागतं. दोन्हीकडे चालणारं काही हवं असेल तर बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) घ्या, आणि सुरुवातीला एका पॅकेटात फक्त २० बाइट डेटा मावतो हे धरूनच निरोपाची रचना करा.

चालू ठेवणं

पोर्टात उपकरण अडकलेलं असताना डीबग कसं करायचं? वाय-फायवरून. अँड्रॉइड ११ पासून डेव्हलपर पर्यायांत वायरलेस डीबगिंग आहे. त्याआधीच्या फोनात केबलने जोडून ‘एडीबी टीसीपीआयपी ५५५५’ द्या, केबल काढा, मग फोनच्या आयपी पत्त्यावर ‘कनेक्ट’ करा.

स्क्रीन बंद झाल्यावरही नोंदी घ्यायच्या असतील तर पोर्ट ॲक्टिव्हिटीत न ठेवता फोरग्राउंड सर्व्हिसमध्ये ठेवा. अँड्रॉइड १४ ला लक्ष्य करताना तिचा प्रकार ‘कनेक्टेड-डिव्हाइस’ आणि त्याच नावाची फोरग्राउंड सर्व्हिसची परवानगी मॅनिफेस्टमध्ये लागते. ‘डिटॅच्ड’ची सूचना आली की आधी वाचणारा थ्रेड थांबवा, मग इंटरफेस सोडा, मग कनेक्शन बंद करा. क्रम उलटा झाला तर थ्रेड बंद कनेक्शनवर वाचत राहतो आणि ॲप कोसळतं.

केबल पुन्हा लावली की उपकरणाचं सिस्टीममधलं नाव आणि आयडी बदलतात, ते जपून ठेवण्यात अर्थ नाही. ओळख पटवायची ती व्हेंडर, प्रॉडक्ट आणि सिरियल नंबरावरून. अँड्रॉइड १० पासून सिरियल नंबर वाचायला आधी त्या उपकरणाची परवानगी हवी, आधी विचारलात तर सिक्युरिटी एक्सेप्शन. बहुतेक सीएच-३४० मध्ये सिरियल नंबर नसतो. हबवर असे दोन ॲडाप्टर लावले तर कुठला तराजूचा आणि कुठला प्रिंटरचा हे ॲपला सांगता येणार नाही. अशा ठिकाणी सिरियल नंबर असलेले एफटीडीआयचे ॲडाप्टर वापरा.